जनकाबाईचा नमुना

११ नोव्हेंबर, मंगळवार. खामगाव

ही वही दसऱ्याच्या आठवड्यात मिळाली. गार्गी मॅडमनी दिली. म्हणाल्या, "प्रसेनजित, गावात जे दिसतं ते रोज लिहीत जा, अर्धं पान तरी." मी हो म्हटलं. मग वही उशाखाली गेली, मग तिच्यावर चहाचा कप ठेवला, मग मच्छर मारायला कामी आली. पहिल्या पानावर तीन चिकटलेले आहेत, म्हणून दुसऱ्यापासून सुरू करतो. सव्वा महिना टाळलं. आळस होताच, पण खरं सांगायचं तर जे लिहायचं ते लिहितानाही नाक दाबावं लागतं. ही वही मॅडमना दाखवायची नाही हे आताच ठरवून टाकलं. त्यांना अर्धं पान वेगळं देईन.

काम असं आहे, की ऐंशीच्या वरच्या माणसांचा गू गोळा करायचा. फॉर्मवर त्याला 'नमुना' म्हणतात, मॅडम 'विष्ठा' म्हणतात, अनंत सर 'मटेरियल' म्हणतात. अनंत सर म्हणजे आमच्यावर देखरेख करणारे. ते स्वतः गावात कधी येत नाहीत.

माणसाच्या आतड्यात म्हणे अब्जावधी जिवाणू राहतात. म्हातारपणी त्यातले चांगले कमी होतात, आणि त्यांच्यासोबत अंगाची रोगाशी भांडायची ताकदही जाते. पण काही म्हातारे नव्वदीतही टुणटुणीत असतात. त्यांच्या पोटात काय वेगळं आहे ते मॅडमना शोधायचं आहे. ट्रेनिंगला त्या हे फार छान सांगत होत्या, पण तेव्हा भिंतीवरची पाल एका पाखरामागे लागली होती, तिकडे माझं लक्ष गेलं. नमुन्यातला एक भाग पुण्याला जातो आणि दुसऱ्या भागाची इथंच खामगावात काहीतरी चाचणी होते. ती कशाची, ते सांगत होते तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो.

संध्याकाळी घरोघरी प्लास्टिकची डबी द्यायची. झाकणाला आतून छोटा चमचा असतो. सकाळी सहाला जाऊन डब्या गोळा करायच्या, बर्फाच्या खोक्यात टाकायच्या, खोकं पाठीवर घ्यायचं आणि एसटीनं खामगावला यायचं. एसटीत लोक विचारतात, मासे आहेत काय. मी हो म्हणतो.

सुलतानपूरला आईला सांगितलंय की लॅबमध्ये लागलो. तिनं शेजारी पेढे वाटले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल-आज पिंपळगाव राजा. इथले बारा जण यादीत आहेत.

पंजाबराव म्हणून शहाऐंशीचे एक आजोबा आहेत. ओसरीवर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. "काऊन बे, शिकलेला दिसतं, तुले दुसरं काही नाही भेटलं काय?"

मी म्हटलं, "आजोबा, संशोधन आहे."

"आम्ही हे वावरात टाकत होतो, त्यानं निदान वांगे तरी लागत. आता पुण्याले पार्सल. तिथं काय पिकवतेत?"

त्यांनी डबी काठोकाठ भरून दिली. चमचाभरच पाहिजे असं मी दोनदा सांगितलं होतं. झाकण लागत नव्हतं आणि बाहेरून सगळी माखलेली. हातमोजा होता, पण हातमोज्याच्या आत माझाच हात होता ना. तीन पिशव्या एकात एक घातल्या तरी एसटीत वास आला. शेजारची बाई मिरच्यांची पिशवी उचलून मागे गेली. मी खिडकीबाहेर तोंड काढून रस्त्यावरचे ट्रक मोजत बसलो. सुरतेला साड्यांच्या घड्या घालायचो तेव्हा डोळ्यांत जर जायची, हैदराबादच्या बेकरीत भट्टीनं हाताचे केस जळायचे, नाशिकला द्राक्षांच्या औषधानं डोकं दुखायचं. प्रत्येक ठिकाणी वाटायचं, याहून वाईट काम नसेल.

कॉलेज कसं सुटलं तेही लिहून ठेवतो. मित्राला सोडायला जालना स्टेशनवर गेलो होतो, गाडी निघाली, मीही चढलो. झालं.

असो. लिहायचं होतं जनकाबाईबद्दल, काल संध्याकाळी डब्या वाटताना भेटली. यादीत बाराव्या, वय ब्याऐंशी. विहाराच्या मागे घर आहे. मुलगा देवानंद कपडे शिवतो, नात पायल बारावीला आहे. म्हातारीनं फॉर्मवर अंगठा दिला नाही, पूर्ण नावाची सही केली, चष्मा पुसून. रक्त घ्यायला नर्स सोबत होती, तिच्यासमोर स्वतः बाही वर केली. मग मी डबी दिली, कसं करायचं ते सांगितलं. तिनं डबी उलटीपालटी करून पाहिली.

"हे सकाळी कोण नेते?"

"मीच नेतो आजी. या खोक्यात."

"पाठीवर?"

"हाव."

"तू कोणाचा?"

गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. तिला लगेच समजलं. "म्हणजे जयभीमवाला हायेस."

"हाव आजी."

तिनं झाकण लावलं आणि डबी माझ्या मांडीवर ठेवली. "मंग हे नाही देत."

मला वाटलं लाजते. लाजतात पुष्कळ जण. पण तसं नव्हतं.

"माहा बाप गावातले मेलेले ढोरं ओढे," ती म्हणाली. "मी तेरा वर्षांची होती. तो नागपूरहून आला, पांढरे कपडे घालून, अन् आम्हाले सगळ्याइले बसवून सांगतलं, आजपासून ह्या घरातलं कोणी कोणाची घाण उचलणार नाही. दुसऱ्या दिवशी पाटलाचा बैल मेला. बाप गेला नाही. गावानं आमचं दळण बंद केलं. चार महिने आम्ही जवारी भिजवून, ठेचून खाल्ली. माह्या लहान भावाले पचली नाही ते." तिनं डबीकडे बोट केलं. "ते काय तू हे डबडं पाठीवर घेऊन फिराले?"

"हे वेगळं आहे आजी. हे विज्ञान आहे."

"विज्ञान चांगलंच हाये. रक्त देलं ना मी? पण वास कोण घेते, तू. पाठीवर कोण नेते, तू. तुही मॅडम येते काय सकाळी?"

"नाही."

"मंग."

मी डबी खोक्यात परत ठेवली. म्हणाली, जेवून जा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. ठेचा असा होता की पुण्यात पार्सल वाटत फिरायचो त्या सबंध वर्षात तसा खाल्ला नाही. लसूण भाजून घातला होता की कच्चा, ते पायलला विचारायला पाहिजे होतं. म्हातारीनं दोन घास खाऊन ताट सरकवलं. पायल म्हणाली दिवाळीपासून असंच आहे, ब्लाउज ढिले झाले सगळे. मी तिसरी भाकर घेतली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अनंत सर: "पिंपळगावचा बारावा कुठंय?"

मी: "सर, त्या बाई देत नाहीत."

"देत नाहीत म्हणजे? रक्त दिलंय, सही केलीय. अर्धा माणूस आपल्याला चालत नाही. सोमवारी नमुना आला नाही तर मंगळवारी तू येऊ नको."

त्यांच्या टेबलावर सॅनिटायझरच्या तीन बाटल्या असतात. बोलता बोलता हात चोळत राहतात. मी दारात उभा होतो तरी.

दुपारी पुन्हा गेलो. म्हातारी पापड वाळत घालत होती. म्हणाली, "आला काय पुन्हा? चहा घे. ते मात्र नाही भेटणार."

१७ नोव्हेंबर, सोमवार

केलं.

खोलीवरच्या सामायिक संडासात, सकाळी साडेपाचला, बाहेर दोन जण बादल्या घेऊन खोकत होते. इतके दिवस दुसऱ्यांचं हाताळलं, पण स्वतःचं डबीत पाहताना जे झालं ते वेगळंच. ओकारी आली. काल शेगावला दोन कचोऱ्या खाल्ल्या होत्या. मग खोलीत येऊन चिठ्ठीवर लिहिलं: पिं-१२, जनकाबाई, स्त्री, ८२. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

अनंत सर म्हणाले, "बघ, जमलं की नाही."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जनकाबाईला सांगून आलो की तुमचं रक्तावरच भागवलं. पुन्हा पुन्हा जायला नको म्हणून. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तू सायबाले सांगतलं काय, म्हातारी काऊन देत नाही ते?"

"सांगितलं."

"अन् आयकलं त्यानं?"

"ऐकलं."

"पाह्य. बोललं की होते." लगेच शेजारणीला हाक मारून सगळं सांगायला लागली. मी एसटी चुकेल म्हणून निघालो. एसटी पाऊण तास नव्हती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मधले दिवस नेहमीसारखे. जेवण कमी झालंय माझं. वरणातला चमचा पाहिला की डबीतला चमचा आठवतो.

आज मॅडम कागद पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या जनकाबाईंचं रक्त फारच कमी आहे. सात. बाईमाणसाला बारा तरी पाहिजे. आणि शौचातून काही जात नाही, ते अगदी स्वच्छ आहे. मग खाण्यातच लोह कमी पडत असेल." त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "शौच काळं होईल म्हणून सांग, घाबरू नका म्हणावं."

गोळ्या आणि रिपोर्ट घेऊन पिंपळगावला गेलो. देवानंदभाऊनं मशीन थांबवून रिपोर्ट मोठ्यानं वाचला. शौच तपासणी, रक्त आढळले नाही. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाला, "गावातल्या डॉक्टरनं सांगतलं होतं, अकोल्याले नेऊन आतड्यात दुर्बीण टाकून पाहा म्हणून. पुढच्या हप्त्यात नेणार होतो. आता कायले? मशीनचा रिपोर्ट हाये."

जनकाबाई आतून म्हणाली, "हे बी रक्तावरूनच समजलं काय रे?"

"हाव आजी."

"लय पुढं गेलं बाप्पा."

  देवानंदभाऊचं मशीन जुनं, पायानं चालवायचं आहे, तो एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं शर्टाची कॉलर अशी वळवतो की पाहत राहावं. मी अर्धा तास पाहत बसलो.

६ डिसेंबर, शनिवार

सुट्टी होती. सुलतानपूरला जाणार होतो, पण पाय पिंपळगावला वळले. सकाळी विहारात वंदना होती. जनकाबाई पांढऱ्या लुगड्यात. घर ते विहार पन्नास पावलं असतील, तेवढ्यात ती दोनदा बसली, एकदा ओट्यावर आणि एकदा खाली जमिनीवरच. विहारात बायका मला पाहून म्हणाल्या, "हेच काय ते पोरगं?" म्हातारीनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की सुलतानपूरच्या आपल्या पोरानं साहेबाच्या तोंडावर सांगितलं, आमचे लोक हे उचलणार नाहीत. एका आजोबांनी उठून मला जागा दिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मेणबत्त्यांचा वास, अगरबत्ती, आणि मला मधूनच खोक्याचा वास येत होता. शर्ट नवा होता.

पायल मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आजीचे कपडे मी धुतो. डाग राह्यते. काळं, लालसर."

मी म्हटलं, "लोहाच्या गोळ्यांनी होते तसं. मॅडमनी सांगितलंय."

"गोळ्या तर आता सुरू झाल्या. हे दिवाळीपासून हाये."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नाशिकच्या मित्राचा. तो म्हणे आता गोव्यात आहे, बोटीवर. बोटीवर काम कसं मिळतं ते पंधरा मिनिटं विचारत बसलो. परत आलो तर पायल भांडी घासत होती.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते झालं तसंच लिहितो.

पुण्याहून जिवाणूंचे निकाल आले. मॅडम कधी नव्हे ते जागेवरून उठून आल्या. म्हणाल्या, "प्रसेनजित, पिंपळगावची बाराव्या नंबरची आजी कमाल आहे. ब्याऐंशीव्या वर्षी पोट पंचविशीतल्या पोराचं. मी असं कधी पाहिलं नाही. ही काय खाते, कुठलं पाणी पिते, सगळं विचारून ये. फेब्रुवारीतल्या परिषदेत मी हिच्यावरच बोलणार." संगणकावर रंगीत गोळ्यांचं चित्र होतं. आपल्या पोटाचं कोणी असं कौतुक करेल हे मला कधी वाटलं नव्हतं. आधी तर, खोटं का बोलू, बरं वाटलं. आई म्हणायची, कुठंही खातोस, कसंही राहतोस, आतून सडशील.

मग मॅडम खुर्ची ओढून बसल्या. स्वतःशीच बोलतात त्या कधी कधी. "फक्त रक्ताचं कोडं सुटत नाही. सात म्हणजे कुठून तरी जात असणार. या वयात पहिला संशय आतड्याचा, गाठ असते, आतल्या आत पाझरते, डोळ्यांना दिसतही नाही. म्हणूनच आपण प्रत्येकाची लपलेल्या रक्ताची चाचणी करतो. हिची स्वच्छ आली नसती तर मी त्याच दिवशी अकोल्याला पाठवलं असतं."

मला रिपोर्टवरचे शब्द आठवत होते, तरी विचारलं, "ती चाचणी कशावर करतात?"

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "तू आणतोस त्याच डबीतून. ट्रेनिंगला सांगितलं होतं ना?"

मी चहा आणायला गेलो होतो.

बाहेर जाऊन ओकलो. मग नळाखाली डोकं धरलं. पाणी गरम होतं टाकीतलं.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी बॅग भरून शेगाव स्टेशनवर गेलो. सुरतेची गाडी पकडायची होती. स्टेशनवर एक माणूस कानातला मळ काढायचा धंदा करतो, त्याच्यासमोर बसून एक गिऱ्हाईक डोळे मिटून तोंड उघडून बसलेलं, लाळ गळत होती. त्या माणसानं काढलेला मळ तळहातावर ठेवून त्याला दाखवला, आणि दोघंही खूश. मी ते किती वेळ पाहिलं कोण जाणे. सुरतेची गाडी आली आणि गेली. मी उठलो नाही. दुसरी आली, तीही गेली.

मी जिथून निघालो तिथं मागे काही ठेवलं नव्हतं, म्हणून निघता यायचं. इथं माझं नाव लिहायच्या जागी तिचं नाव लिहून ठेवलंय.

दिवाळीपासून. म्हणजे दोन महिने. त्यातला पहिला महिना माझा नाही, पण दुसरा पूर्ण माझा आहे. देवानंदभाऊ अकोल्याला न्यायला निघाला होता.

संध्याकाळच्या आधी खोलीवर परत आलो.

२२ डिसेंबर, सोमवार

मॅडमना सांगितलं. उभ्यानंच. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा झाला जसा डबीचं झाकण उघडल्यावर माझा होतो. ओरडल्या नाहीत. उठून बेसिनपाशी गेल्या आणि हात धुतले, दोनदा, साबण लावून. त्यांच्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

"तू कोणाचं पोट माझ्यासमोर ठेवलंस हे कळतंय का तुला?"

"हो मॅडम."

"नाही. अजून कळलेलं नाही." मग टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "ती देत नव्हती तर मला का नाही सांगितलंस? का देत नाही, ते तरी?"

मी म्हातारीचं सगळं बोलणं सांगितलं. ढोराचं, दळणाचं, लहान भावाचं. आणि शेवटचं, की मॅडम येते काय सकाळी. त्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. तिथं पाहण्यासारखं काही नाही, शेजारच्या बंद कापूस-जिनिंगची भिंत आहे आणि लोक तिच्यावर मुततात.

अनंत सरांनी गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. दोरीला धरून, दोन बोटांनी.

२३ डिसेंबर, मंगळवार

मॅडमनी स्वतःची गाडी काढली. मला म्हणाल्या, "चल. सांगायचं तू आहेस."

पिंपळगावला पोचलो. पायलनं आम्हाला चहा दिला. जनकाबाई खाटेवर टेकून बसली होती, चेहरा मेणासारखा, कानामागचं हाड दिसत होतं. सतरा दिवसांत एवढी. मॅडमना पाहून तिनं पदर सारखा केला. मी सगळं सांगितलं, रंगीत चित्रापर्यंत. देवानंदभाऊला आधी समजलंच नाही, त्यानं दोनदा विचारलं. मग तो माझ्या अंगावर आला, मॅडम मध्ये पडल्या. म्हातारी म्हणाली, "बस बे देवानंद, मले आयकू दे."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे माह्या नावावर तुही घाण गेली."

"हाव."

"चिठ्ठीवर माह्यं नाव लिह्यलं?"

"हाव आजी."

"आपल्या पोरानं हे उचलू नये म्हून मी नाही देलं. अन् तू आपलीच भरून, त्याच्यावर माह्यं नाव चिकटवून, पाठीवर घेऊन गेला. आणखीन मले सांगतलं की सायबानं आयकलं. मी साऱ्या विहारात सांगतलं रे लेका."

मी रिकामा कप हातात फिरवत होतो.

"उचलाचंच होतं तर माह्यं तरी उचलाचं. ते खरं तरी राह्यलं असतं."

मी हातातला कप खाली ठेवला. ती त्या कपाकडे पाहत होती. म्हणाली, "पायल, तो कप येगळा ठेव."

पायल जागची हलली नाही. देवानंदभाऊचं तोंड उघडं राहिलं. त्या घरात ते वाक्य कोणी कधी बोललं नसेल. ऐकलं असेल, दुसऱ्यांच्या दारात. बोलून झाल्यावर म्हातारीचाच चेहरा पिळल्यासारखा झाला. तिनं पाय खाली सोडले, भिंत धरून उठली, तो कप स्वतः उचलला, मोरीत जाऊन बाकीच्या कपांसोबत विसळला आणि त्यांच्यासोबतच पालथा घातला. तेवढ्यानं तिला धाप लागली. कोणी मदतीला गेलं नाही, तशी हिंमतच नव्हती.

मोरीतूनच ती मॅडमना म्हणाली, "अन् तुमचं काय? तुम्ही येत असत्या सकाळी, तर मी पयल्याच दिवशी देलं असतं."

मॅडम म्हणाल्या, "मी येते. उद्या सकाळी सहाला येते, आजी."

"आता नाही. आता माह्या पोटातलं कोणी पाहाचं नाही. एका पोराचं पाहून घेतलं ना तुम्ही, रंगीत चित्र काढून? तेच पाहा."

देवानंदभाऊ हात जोडून म्हणाला, "माय, चाल ना अकोल्याले. आजच चाल."

"नाही येत."

येताना मॅडमनी एकदाच गाडी थांबवली, पुलावर. म्हणाल्या, गाठ असेल तर प्रत्येक आठवडा मोजावा लागतो, आणि सातावरून रक्त आणखी उतरलं तर घरातल्या घरात कधीही कोसळेल. चिडून नाही बोलल्या. फॉर्म वाचल्यासारखं बोलल्या.

२६ डिसेंबर, शुक्रवार. ऑफिस

मोजे, खोकं, उरलेल्या डब्या जमा करायला आलो आहे. अनंत सर अजून यायचे आहेत, त्यांच्या सहीशिवाय सोडत नाहीत, म्हणून जिन्यात बसून लिहितो. खोकं तीनदा धुतलं, ब्लीचिंग टाकून. तरी वास आहे. किंवा तो माझ्या नाकात राहून गेलाय.

मॅडम बुधवारी सकाळी सहाला पिंपळगावला गेल्या, खोकं स्वतःच्या पाठीवर घेऊन. म्हातारीनं दार उघडलं नाही. पंजाबराव ओसरीवरून म्हणाले म्हणे, "आता मोठे सायबही लागले काय ह्या धंद्याले?" काल पुन्हा गेल्या. पायलनं दार उघडलं, म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून होती. मॅडम दाराबाहेर ओट्यावर तासभर बसून राहिल्या, पायलनं दिलेला चहा घेतला, मग परत आल्या. हे मला ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. आज त्या पुन्हा जायच्या होत्या, पण पहाटे निघता निघता त्यांनाच जुलाब लागले. आत खोलीत पडून आहेत. कालच्या ओट्यावरच्या चहाचं पाणी बाधलं असेल, किंवा आणखी काही. आतून मधूनमधून आवाज येतो. ऐकवत नाही.

देवानंदभाऊचा सकाळी फोन आला होता. मला नाही, ऑफिसला. रात्री म्हातारीला भोवळ आली, मोरीत पडली. तरी अकोल्याचं नाव काढू देत नाही. तो गाडी ठरवायला गेला होता, जबरदस्तीनं न्यायचं म्हणून. गाडी घेऊन घरी आला तर म्हातारी खाटेवर नाही. सगळी गल्ली शोधली. विहारात नाही, शेजारी नाही.  मी पिंपळगावला जायला उठलो आणि पुन्हा बसलो. माझ्या जाण्यानं तिथं काय होणार, आणखी एक कप.

सुरतेची गाडी चारला आहे. बॅग खोलीवर भरलेली आहे. या वेळी मी

खालून माणिकराव आला, आमचा गेटवरचा म्हातारा चौकीदार. धापा टाकत होता. मला म्हणाला, "वर कोण हाये बे तुमच्यातलं? पिंपळगावची एक म्हातारी आली. एकटीच, एसटीनं. पायरीवर बसली, पांढरीफटक पडली, पण हात लावू देऊन नाही राह्यली कोणाले."

मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, मॅडमले डबी घेऊन खाली बोलाव, अन् संडास कुठं हाये तेवढं सांग."